गच्चीखालची ओल: आधी कारण शोधा, मग पैसे घाला

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळा वेगळाच कळतो. दोन-तीन दिवस झड लागली की हॉलच्या कोपऱ्यात छताचा रंग गडद होतो, मग पोपडे सुटतात आणि एके दिवशी खाली बादली ठेवावी लागते. पावसाने उघडीप दिली की ओळखीच्या कंत्राटदाराला फोन जातो. तो खालून डाग बघतो, वर जाऊन एक चक्कर मारतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो. गच्चीवर केमिकलचे दोन हात बसतात. पुढच्या पावसात डाग पुन्हा तिथेच, नाहीतर चार फूट सरकून.

केमिकल खोटं होतं असं नाही. बऱ्याचदा माल चांगलाच असतो आणि कामही मन लावून केलेलं असतं. पण पाणी येतंय कुठून, हे कुणी तपासलेलंच नसतं. सपाट स्लॅबच्या छताला ओल येण्याची मुख्य कारणं पाच: गच्चीतून उतरणारा पाऊस, कठड्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून शिरणारा पाऊस, टाकी आणि नळ यांची गळती, खोलीतल्याच दमट हवेचं छताला लागलेलं पाणी, आणि आधीच्या कामात कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या थरात, कोंडून राहिलेलं पाणी. पाचही कारणांनी पडणारा डाग खालून जवळपास सारखाच दिसतो. उपाय मात्र पाचांचे पाच. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच, की डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो ते आधी पाहा. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त काही आठवडे लक्ष द्यावं लागतं.

पाणी आत फिरतं कसं

काँक्रीट घट्ट दिसतं, पण त्यात केसापेक्षा बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि पाणी त्यातून हळूहळू पाझरतं. घराच्या स्लॅबची जाडी साधारण ४ ते ६ इंच. एवढ्या जाडीने भर पावसात एकट्याने टिकाव धरावा अशी अपेक्षाच नसते, म्हणून त्यावर थर चढवतात. आपल्याकडची रुळलेली पद्धत म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. स्लॅबवर आधी सिमेंटचा लेप, त्यावर विटांचे तुकडे, मधल्या फटींत सिमेंट-वाळू, आणि वर घोटलेला सिमेंटचा थर किंवा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. ढाळ देणं आणि पाणी अडवणं ही दोन्ही कामं कोबाच करतो.

अडचण अशी, की वीट पाणी पिते. वरच्या थराला एक बारीक चीर गेली की तिथून उतरलेलं पाणी विटांत मुरतं, कोबा आणि स्लॅब यांच्यामधल्या पोकळ जागांत साठतं आणि वाट मिळेल तिकडे सरकतं. वरच्या थराला ढाळ असला तरी खालच्या स्लॅबला तो नसतो. उलट स्लॅब मध्यभागी किंचित झुकलेला असतो. त्यामुळे पाणी एका टोकाला आत शिरतं आणि पंधरा-वीस फुटांवर खाली उतरतं. उतरायला ते सगळ्यात कच्ची जागा शोधतं: पंख्याच्या हुकाचा डबा, स्लॅबमध्ये पुरलेली विजेची पाइप, स्लॅब भरताना काम एक दिवस थांबलं असेल तर तिथली सांध्याची रेघ, काँक्रीट नीट ठोकलं न गेल्याने राहिलेली जाळीदार जागा. छताच्या बरोबर मध्ये, पंख्याजवळ डाग दिसतो तो यामुळे. त्या डागाच्या नेमकं वर गच्चीत भोक शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही.

किती पाण्याशी गाठ आहे तेही लक्षात घ्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो सहज पडतो, तर ९,००० लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे जवळपास एक मोठा टँकर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटरची नोंद झाली होती. एवढ्या पाण्याला बाहेर पडायला त्या गच्चीवर बहुतेक वेळा चार इंची दोन-तीन पाइप असतात, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाशी पालापाचोळा.

सपाट छप्पर आपल्याला नवं नाही. सोलापूर, मराठवाड्याकडच्या माळवदाच्या घरांना तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर असतो, आणि पाऊस लागण्याआधी त्यावर नवी माती टाकून तो दाबून घेण्याची रीत होती. छताला वर्षातून एकदा हात लावावा लागतो हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिमेंटचा स्लॅब आला तसा आपण समज करून घेतला, की आता वर बघायचं कारण नाही.

डागाचं वेळापत्रक

एक पेन्सिल घ्या आणि ओल्या डागाच्या कडेने छतावर रेघ ओढा. शेजारी तारीख लिहा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिता तिथेच, रोज दोन शब्द लिहा: पाऊस होता की नव्हता, वारा कुठून होता, डाग रेघेच्या बाहेर गेला की आत आला. पावसाळ्याच्या एका महिन्यात ही नोंद जेवढं सांगते तेवढं कुठलंही यंत्र सांगत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात ठिबकायला लागत असेल, तर पाण्याची वाट सरळ आणि मोकळी आहे. गच्चीतून खाली उतरणाऱ्या पाइपच्या भोवतीची फट, पाणी जायच्या तोंडाचा फुटलेला सांधा, स्लॅबला आरपार गेलेला तडा, किंवा गच्चीच्या दारातून जिन्यात येणारं पाणी. अशा वाटा सापडायला सोप्या असतात आणि दुरुस्तीही थोडक्यात होते. इथे सगळी गच्ची उकरायची गरज बहुधा नसते.

दोन-तीन दिवस सतत पाऊस झाल्यावर डाग उमटत असेल आणि पाऊस थांबूनही आठ-दहा दिवस ओल हटत नसेल, तर कोबा पाण्याने भरला आहे. कोबा भरायला वेळ लागतो, रिकामा व्हायलाही. काही घरांत ऑक्टोबरच्या उन्हात गच्ची कोरडी ठाक दिसते आणि खाली थेंब चालू असतात, ते याच साठ्याचं पाणी. अशा वेळी एखाद-दुसरी चीर बुजवून भागत नाही, कारण पाणी आत जाण्याच्या जागा अनेक झालेल्या असतात.

मुसळधार सरळ पावसात काही नाही, पण वाऱ्याबरोबर तिरपी सर आली की ओल, असं असेल तर गच्चीला दोष देऊ नका. भिंत आणि कठडा बघा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती सगळा मार खातात. समजा, डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीत पश्चिमेच्या बेडरूममध्ये, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात पट्टा ओला होतो. नोंद पाहिली तर वाऱ्याच्या दिवशी थोड्या पावसातही ओल, आणि वारा नसलेल्या जोरदार पावसात कोरडं. बाहेरून दुर्बिणीने किंवा समोरच्या इमारतीतून मोबाइलवर झूम करून पाहिलं, तर स्लॅबच्या पातळीवर एक आडवी, लांबच लांब चीर दिसेल. तिथे काँक्रीटची तुळई संपते आणि कठड्याचं वीटकाम सुरू होतं. उन्हात दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात, म्हणून तिथला गिलावा फाटतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर वाढतो आणि आखडतो, तोही वर्षानुवर्षं. या घरात गच्चीवर कितीही महाग थर दिला तरी तो पट्टा ओला होतच राहणार.

पावसाशी काहीही संबंध नाही, फेब्रुवारीतही डाग ओलाच, तर ते टाकीचं किंवा नळाचं पाणी आहे. वर रोज पाणी चढवण्याची वेळ आणि डागाची वेळ जुळते का ते बघा. टाकी भरून वाहिल्यावर दोन तासांनी ओल दिसत असेल तर वेगळा पुरावा लागत नाही.

आणि थंडीत सकाळी छत दमट, दुपारी कोरडं, असा खेळ असेल तर पाणी वरून येतच नाही. त्याविषयी पुढे.

डाग जवळून पाहताना

खुर्चीवर चढा, बॅटरी आडवी धरा आणि डागाकडे बघा. पिवळट-तपकिरी कडांची, एकात एक अशी वलयं दिसली तर डाग अनेकदा ओला होऊन वाळला आहे. दर वेळी पाणी कडेपर्यंत आलं, वाळलं आणि आपल्यासोबत आणलेली मळी तिथे सोडून गेलं. वलयं मोजली म्हणजे पावसाळे मोजले असं समजू नका, पण हे प्रकरण जुनं आहे एवढं नक्की कळतं.

पांढरी, भुसभुशीत पूड म्हणजे लोणा. पाणी विटा आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं, क्षार उरतात. गच्चीखालच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याच्या छताला पांढरे, सुळ्यांसारखे लोंबते खडे दिसतात, ती याच प्रकाराची पुढची पायरी. काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून खाली येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कडक होतो. असा खडा दिसला म्हणजे त्या जागी पाणी स्लॅबच्या आरपार दीर्घकाळ जात आहे, यात शंका ठेवू नका. नुसत्या दमट हवेने असे खडे तयार होत नाहीत.

काळे बारीक ठिपके, विशेषतः कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, जिथे वारा फिरत नाही तिथे, ही बुरशी. वलय नाही, लोणा नाही, फक्त ठिपके, असं असेल तर संशय खोलीतल्या हवेवर घ्यावा.

सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा सरळ चीर गेलेली असेल, तर थांबा. ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे.

खोलीतलंच पाणी

भरपूर घरांत हे कारण कुणाच्या मनातच येत नाही. हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प धरते. ती थंड पृष्ठभागाला लागली की बाष्पाचं पाणी होतं. २० अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा १४ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला लागली की दव धरतं. नाशिक, पुण्याकडे थंडीतल्या निरभ्र रात्री उघडा स्लॅब आकाशाकडे उष्णता टाकून चांगलाच गार होतो. खाली खिडक्या बंद, सकाळी गिझरची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. छताला घाम फुटणारच. मुंबईच्या पावसाळ्यात याचंच दुसरं रूप दिसतं. बाहेरची हवा ३० अंशांची आणि ८५ टक्के आर्द्र असेल तर ती २७ अंशांच्या पृष्ठभागावरही पाणी सोडते. रात्रभर एसीने २४ अंशांवर आलेली खोली सकाळी खिडक्या सताड उघडून ‘मोकळी’ केली, तर भिंती आणि छत ओलसर होतात ते बाहेरून आलेल्या या हवेमुळे.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. डागावरचं सुटं पापुद्रं काढून जागा पुसा, पंख्याने वरवर वाळवा. मग दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. खोलीच्या बाजूने प्लास्टिकवर थेंब आले तर पाणी हवेतलं आहे. प्लास्टिकच्या मागे, स्लॅबच्या बाजूने थेंब धरले तर ओल स्लॅबमधून येते. दोन्हीकडे आले तर दोन्ही कारणं आहेत, आणि असंही होतं. वरून भिजलेला स्लॅब जास्त थंड राहतो, म्हणून त्यावर दवही लवकर धरतं. अशा घरात आधी गळती बंद करायची आणि मग उरलेल्या ओलीकडे बघायचं.

हवेची ओल असेल तर खर्च किरकोळ आहे: स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा, कपडे बाहेर, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. स्लॅबवर उष्णतारोधक थर दिला तर तो गार पडत नाही आणि उन्हाळ्यातही खोली निववतो, पण तो नंतरचा विचार.

टाकी आणि नळ

हे तपासायला एक रात्र पुरते. रात्री टाकी भरून आत येणारा आणि खाली जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर टाकी झिरपते आहे. उतरली नसेल तर आता खाली जाणारा व्हॉल्व्ह उघडा, घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा बघा. आता उतरली तर गळती पाइपमध्ये. खाली जाणाऱ्या पाइपवर मीटर असेल तर त्याचा काटा हेच सांगतो.

सिमेंटच्या जुन्या टाक्या स्लॅबवरच बसवलेल्या असतात आणि त्यांच्या खालची जागा कधीच वाळत नाही. प्लास्टिकच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, खराब होऊन पाणी वाहतं, आणि वाहून जाणारी पाइप गच्चीवरच मोकळी सोडलेली असते. रोज पंधरा मिनिटं तीच एक जागा भिजते. गच्चीवर सोलर हीटर असेल तर त्याच्या जोडण्या आणि एसीच्या पाण्याची बारीक नळीही बघून घ्या. वरच्या मजल्याच्या आतल्या पोटमाळ्यावर टाकी असते, ती तर सगळेच विसरतात.

गच्चीवर काय बघायचं

गच्ची बघायची योग्य वेळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचे एक-दोन दिवस. उन्हाळ्यात कोरड्या गच्चीवर फिरून फार काही कळत नाही. सगळीकडे वाळलं आणि कुठे पाणी साचून राहिलं ते खडूने आखा. ढाळ साधारण १०० ला १ असावा, म्हणजे दहा फुटांवर सव्वा इंचाच्या आसपास. पाणी जायच्या तोंडापासून लांब डबकं असेल तर तिथे ढाळ नाही. दोन दिवसांनीही डबकं तसंच असेल तर त्याच्या खालचा कोबा रोज पाणी पितो आहे. पृष्ठभाग अर्धा वाळलेला असताना एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते: बाकी जमीन फिकी झालेली असते आणि चिरांच्या दोन्ही कडांना गडद, ओल्या रेघा उरतात, कारण चिरेतलं पाणी सगळ्यात शेवटी उडतं. एरवी डोळ्याला न दिसणारं जाळं त्या तासाभरात नकाशासारखं उघडं पडतं. तेव्हाच फोटो काढून ठेवा.

मग खाली वाकून कठड्याच्या पायाशी बघा. जमीन आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात पाणी थांबू नये म्हणून गवंडी सिमेंटचा गोलाकार पट्टा मारतात, त्याला वाटा म्हणतात. माझ्या मते गच्चीच्या गळतीत सगळ्यात दुर्लक्षित जागा ही आहे. वाटा आणि कठडा यांच्यात नखाएवढी फट सुटलेली असते. भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी थेट त्या फटीत जातं. तिथे पोस्टकार्ड आत सरकवून बघा. सहज इंचभर गेलं तर तुमचं कारण बहुधा सापडलं. कठड्याचा माथाही बघा, त्याला आतल्या बाजूला उतार हवा आणि चिरा नकोत. कठड्यावर टेकवलेले झेंड्याचे, अँटेनाचे, कपड्यांच्या तारेचे खांब जिथे ठोकले आहेत ती भोकं पाहा.

पाणी जाण्याच्या तोंडाशी जाळी काढून हात घाला. पाइप आणि काँक्रीट यांच्यामधला सिमेंटचा कडा सुटला आहे का, पाइप हलते का, तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच तर नाही? नव्याने थर देताना हे तोंड नेहमी खोलगट ठेवायचं असतं. दोनदा-तीनदा थरावर थर चढले की ते उंच होतं आणि पाणी पाइपच्या बाहेरच्या बाजूने स्लॅबमध्ये उतरतं. टाकीचे, सोलरचे, पत्र्याच्या शेडचे लोखंडी पाय बोल्ट मारून बसवले असतील, तर प्रत्येक बोल्ट हे थराला पाडलेलं एक भोक आहे. कुंड्यांच्या ओळीखाली काय चाललंय ते कुंड्या उचलल्याशिवाय कळत नाही. पिंपळाचं रोपटं उगवलं असेल तर नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. त्याने चीर रुंद केलेली असते, ती खणूनच भरावी लागते.

शेवटी एखाद्या जड नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने जमीन ठोकत चला. भरीव जागा टणटणीत वाजते, सुटलेला कोबा पोकळ वाजतो. पोकळ जागांभोवती खडूचं वर्तुळ काढा. गच्चीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पोकळ वाजत असेल तर वरून लेप देण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी कोंडून बघणं

एवढं करून दोन-तीन जागांवर संशय आला, की त्या एकेक करून तपासायच्या. आठ-दहा दिवस कोरडे गेल्यावर गच्चीचा एक भाग सिमेंट-वाळूच्या छोट्या बांधाने वेगळा करा, तोंड बुजवा आणि एक ते दोन इंच पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा. खालून नजर ठेवा. मग पुढचा भाग. संशयाच्या दोन जागा शेजारी असतील तर एका भागातल्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळा. खाली थेंब रंगीत आला की वाद मिटतो. रंग मात्र कोब्यात गाळला जाऊ शकतो, म्हणून रंग आला नाही यावरून तो भाग निर्दोष ठरत नाही.

कठडा आणि भिंत तपासायला पाणी कोंडता येत नाही, तिथे पाइपने पाणी मारायचं. क्रम महत्त्वाचा: खालून सुरुवात करून वर जायचं आणि प्रत्येक पातळीवर निदान अर्धा तास थांबायचं. वरून सुरुवात केली तर ओघळणारं पाणी खालच्या सगळ्या फटी भिजवतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

वजनाचं भान ठेवा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. १,००० चौरस फुटांवर साडेचार टनांहून जास्त. त्याआधीच कोब्याचं वजन, चार इंचांचा असेल तर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास, स्लॅब वाहतोच आहे. छताला खालून सळया दिसत असतील, काँक्रीटचे तुकडे पडले असतील किंवा स्लॅब मधोमध डोळ्याला दिसेल एवढा झुकलेला असेल, तर ही चाचणी करूच नका.

यंत्रांबद्दल थोडक्यात. ओलावा मोजणारं दोन सुयांचं मीटर खरं तर विजेचा प्रवाह मोजतं, आणि लोणा लागलेली कोरडी भिंतही त्याला ओली वाटते. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. दिवसभर कडक ऊन पडल्यावर संध्याकाळनंतर गच्चीचा फोटो घेतला तर ओला कोबा जास्त वेळ गरम राहिलेला दिसतो. भर दुपारी किंवा पावसाळी दिवशी घेतलेल्या रंगीत फोटोंवर विश्वास ठेवून लाखाचं काम काढू नये.

स्लॅब धोक्यात असेल तर

नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि सळईला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, हे संरक्षण संपतं, आणि त्यात पाणी मिळालं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने खालचं काँक्रीट तडकून पडतं. म्हणून छताला खालून पाणी थांबवणारा लेप लावून वर काहीच न करणं हा मला घातक प्रकार वाटतो. डाग दिसेनासा होतो, पाणी स्लॅबमध्ये कोंडतं आणि सळई आतल्या आत गंजत राहते.

सळईच्या रेषेत तांबूस डाग, सरळ चीर किंवा पडलेलं काँक्रीट अशी चिन्हं दिसली तर कंत्राटदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. त्याच उपविधींत गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती, आणि तिच्यामुळे वरच्या मजल्यावरच्या छताचा खराब झालेला गिलावा, हा संस्थेचा खर्च धरला आहे. घरातल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाचा. वरच्या मजल्यावरच्या सभासदाने तारखांची नोंद, फोटो आणि चाचणीचा निकाल जोडून लेखी अर्ज दिला, तर सभेत वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही.

आणखी एक, तातडीचं. पंख्यातून किंवा दिव्याच्या होल्डरमधून पाणी येत असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला सुरक्षा स्विच, खाली पाडून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत चालू करू नका.

काम देताना

कारण कळल्यावर कंत्राटदाराशी बोलणं एकदम बदलतं. ‘गळती बंद करून द्या’ असं न म्हणता ‘पश्चिमेचा वाटा तोडून नवा करा, तोंडाचा सांधा बदला, या खुणा केलेल्या पोकळ जागा काढून भरा’ असं सांगता येतं. दर चौरस फुटावर न राहता कामावर येतो. संपूर्ण कोबा पाण्याने भरलेला निघाला, तर जुना कोबा काढूनच नवा करावा लागतो. त्यावर आणखी एक कोबा चढवायला कुणी सुचवलं तर वजनाचा हिशेब मागा. भर पावसात दोन दिवसांची उघडीप बघून थर मारायला कुणी तयार झाला तर त्याला थांबवा, कारण आतलं पाणी कोंडतं, उन्हात त्याची वाफ होऊन थराला फुगे येतात आणि खाली ठिबकणं चालूच राहतं. त्या हंगामापुरती ताडपत्री घाला आणि काम कोबा वाळल्यावर, फेब्रुवारी ते मे या काळात काढा.

काम झाल्यावर तीच पाणी कोंडायची चाचणी पुन्हा करून मगच शेवटचा हप्ता द्यावा, आणि हे कामाच्या आधी कागदावर लिहून घ्यावं. दुरुस्तीनंतर खाली काही आठवडे थोडं ठिबकलं तर घाबरू नका. ते दर आठवड्याला कमी होत गेलं पाहिजे. नव्या पावसाबरोबर पुन्हा वाढलं, तर वाट अजून उघडी आहे. आतून गिलावा आणि रंग मात्र एक पूर्ण पावसाळा छत कोरडं राहिल्यावरच करा, आणि तोपर्यंत ती पेन्सिलची रेघ पुसू नका.